वीस किलोंचा काटा आणि दयेचा अर्ज

नागपूरहून जबलपूरच्या दिशेने निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४४ मनसरला आला की उजव्या हाताला रामटेकचा फाटा लागतो आणि टेकडीवरचे गडमंदिर दिसू लागते. यात्रेकरू इथे वळतात. मालाच्या गाड्या पेंचच्या जंगलातून खवासाकडे, मध्य प्रदेशात निघून जातात. हैदराबाद आणि दिल्ली यांना जोडणारा हाच रस्ता. त्याच्या जोडीला रेल्वे आहे. हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई हे देशातले दोन मोठे लोहमार्ग नागपूर स्थानकात एकमेकांना छेदतात. ओडिशातल्या मलकानगिरी-कोरापूटच्या डोंगरांत आणि त्याला लागून असलेल्या आंध्रच्या पट्ट्यात चोरून पिकवलेला गांजा पश्चिमेकडे किंवा उत्तरेकडे जायचा तर त्याला नागपूर टाळणे अवघड जाते. त्यामुळे रेल्वेच्या डब्यात बाकाखाली सापडलेली बेवारस बॅग, भाजीपाल्याच्या पोत्यांखाली दडवलेली पाकिटे, नाकाबंदीत अडवलेला ट्रक या बातम्या या भागातल्या वाचकाला नवीन नाहीत.

बातमीत किलो असतात, लाख रुपये असतात आणि पोलिसांच्या मागे तोंड झाकून उभ्या केलेल्या दोन-तीन माणसांचे छायाचित्र असते. पुढे त्या माणसांचे काय झाले, हे फारसे छापून येत नाही. खरे तर अमली पदार्थांच्या कायद्यात तो किलोंचा आकडाच पुढची दहा-वीस वर्षे ठरवून टाकतो. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ती ‘अल्प मात्रा’ आणि शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. वीस किलोंच्या वर गेला की ‘व्यावसायिक मात्रा’. मग शिक्षा किमान दहा वर्षे, कमाल वीस, आणि दंड किमान एक लाख रुपये. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत कितीही. म्हणजे साडेएकोणीस किलोंच्या प्रकरणात न्यायाधीश आरोपीचे वय, परिस्थिती, त्याची भूमिका पाहून दोन वर्षांची शिक्षा देऊ शकतो. साडेवीस किलोंवर दहा वर्षांच्या खाली येण्याचा अधिकारच त्याला उरत नाही. व्यावसायिक मात्रेची ही रेषा चरससाठी एक किलोवर आहे, हेरॉइनसाठी २५० ग्रॅमवर, कोकेनसाठी १०० ग्रॅमवर आणि मेफेड्रोनसाठी, म्हणजे तरुणांच्या तोंडी असलेल्या एमडीसाठी, फक्त ५० ग्रॅमवर.

आणि शिक्षा एकदा लागली की ती सहसा कमी होत नाही. खुनाच्या कैद्याला तुरुंगात चांगल्या वर्तणुकीबद्दल सूट मिळते, जन्मठेपेच्या कैद्याची मुदतपूर्व सुटका होऊ शकते, राष्ट्रीय सणांच्या निमित्ताने सरकार शिक्षा कमी करते. अमली पदार्थांच्या कैद्यासाठी यातल्या बहुतेक वाटा कायद्याने बंद केलेल्या आहेत. शेवटी दया नाही, म्हणून सुरुवातीचे वजन, पंचनामा आणि नमुना यांच्यावर सगळा भार येतो. या कायद्यावरच्या चर्चेत ‘आणखी कडक शिक्षा’ आणि ‘राष्ट्रपतींची माफी’ या दोन टोकांनाच जागा मिळते. ज्या क्षणी माणसाचे नशीब खरोखर ठरते तो रस्त्यावरचा क्षण मात्र चर्चेबाहेर राहतो.

गांजा या मातीला परका नाही. रामटेक जेव्हा ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात होते, तेव्हा या प्रांताला लागणारा गांजा खांडव्याच्या आसपास, निमाड जिल्ह्यात, सरकारी देखरेखीखाली पिकवला जाई आणि परवानाधारक दुकानांतून विकला जाई. सरकारला त्यातून महसूल मिळे. १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत प्रश्न उठला, की या व्यसनाने हिंदुस्थानी माणसाला वेड लागते आहे काय? तपासासाठी आयोग नेमला गेला. त्याने देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या. त्यांत डॉक्टर होते, जिल्हाधिकारी होते, वेड्यांच्या इस्पितळांचे अधीक्षक होते, साधू आणि शेतकरीही होते. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की माफक सेवनाने फारशी हानी होत नाही, अतिसेवनाने होते, आणि सरसकट बंदी घालण्यापेक्षा कर व परवाने यांनी आवर घालणे शहाणपणाचे. त्या काळाच्या मानाने हे काम विलक्षण काळजीपूर्वक झाले होते. आजच्या चर्चेत त्याची आठवण व्हायला हवी ती निष्कर्षासाठी नव्हे, पद्धतीसाठी: आधी माहिती गोळा केली, मग धोरण सांगितले.

स्वतंत्र भारताने राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेये आणि आरोग्याला घातक अमली द्रव्ये यांच्या बंदीचे उद्दिष्ट लिहिले. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही करताना गांज्याचा वैद्यकेतर वापर पंचवीस वर्षांत थांबवण्याचे बंधनही स्वीकारले. ही मुदत संपत आली तेव्हा, १९८५ मध्ये, संसदेने नवा कायदा केला: अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजेच पोलिसांच्या भाषेतला ‘एनडीपीएस’. १८५७ आणि १८७८ चे अफूचे कायदे व १९३० चा घातक औषधींचा कायदा रद्द होऊन १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू झाला. त्या लोकसभेत रामटेकचे खासदार होते पी. व्ही. नरसिंह राव, आणि विधेयक मांडले गेले तेव्हा ते राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री होते. भांग या कायद्यातून सुटली, कारण गांज्याच्या व्याख्येत झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आले. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया वगळल्या गेल्या. महाशिवरात्रीची थंडाई आणि दहा वर्षांची सक्तमजुरी यांच्यामध्ये झाडाचा एवढाच भाग उभा आहे.

त्याच सुमारास महाराष्ट्रात ‘गर्द’ पसरत होती. मुंबईच्या आणि पुण्याच्या वस्त्यांत, महाविद्यालयांत ब्राउन शुगर ओढणारी पोरे दिसू लागली होती. अनिल अवचटांनी त्यावर ‘गर्द’ हे पुस्तक लिहिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या मदतीने, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. एका वर्षाच्या आत एकाच प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली. दिल्लीने गुन्हेगार पाहिला, पुण्याने रुग्ण. पुढच्या चार दशकांत सरकारी बळ आणि पैसा पहिल्याच उत्तराकडे अधिक वाहिला, याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

१९८९ मध्ये कायदा आणखी आवळला गेला. त्या वर्षीच्या २९ मे रोजी लागू झालेल्या दुरुस्तीतल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, जामीन जवळपास अशक्य झाला: आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्हींबद्दल न्यायालयाची खात्री पटली तरच कलम ३७ खाली जामीन. दुसरी, ठरावीक मोठ्या मात्रेच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला फाशीच, दुसरा पर्याय नाही. तिसरी, कलम ३२-अ: या कायद्याखालची शिक्षा, निव्वळ सेवनाच्या गुन्ह्याचा अपवाद वगळता, स्थगित करता येणार नाही, कमी करता येणार नाही, तिचे स्वरूपही बदलता येणार नाही. मात्रेप्रमाणे शिक्षेच्या पायऱ्या तेव्हा जवळपास नव्हत्याच. त्या आल्या २००१ च्या दुरुस्तीने. तोवर गांजा वगळता बहुतेक पदार्थांच्या बाबतीत चिमूटभर माल विकणारा आणि पोतेभर विकणारा या दोघांचीही दहा वर्षांची किमान शिक्षा वाट पाहत होती.

कडकपणाचा फटका कुठे बसला, याचे एक उदाहरण सांगायलाच हवे. मॉर्फिन हे कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या वेदनांवरचे स्वस्त आणि उत्तम औषध. १९८५ नंतर परवान्यांचे जंजाळ आणि शिक्षेची भीती इतकी वाढली, की औषधी दुकानांनी, रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. अफू पिकवणाऱ्या देशातले कर्करोगी वेदनेने तळमळत गेले. २०१४ ची दुरुस्ती येईपर्यंत यावर कायद्याने नीट उपाय केला नाही.

१९८९ च्या त्या तीन तरतुदींना न्यायालयात आव्हान मिळाले आणि त्यातले दोन महत्त्वाचे निकाल महाराष्ट्राच्या खटल्यांतून आले. ‘दादू ऊर्फ तुलसीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी १२ ऑक्टोबर २००० रोजी कलम ३२-अ तपासले. अपील ऐकणाऱ्या न्यायालयाचा शिक्षा स्थगित करण्याचा अधिकार संसद काढून घेऊ शकत नाही, असे सांगून तेवढा भाग त्यांनी घटनाबाह्य ठरवला. अपील वीस वर्षांनी लागले आणि माणूस निर्दोष ठरला, तर तोवर भोगलेली शिक्षा कोण परत देणार, हा त्यामागचा विचार. पॅरोल म्हणजे शिक्षेची स्थगिती नव्हे, म्हणून हे कलम त्याच्याही आड येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पण सरकारने शिक्षेत सूट देण्यावरची बंदी कायम राहिली. दुसरा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा, जून २०११ चा. एका दोषीला मुंबईच्या विशेष न्यायालयाने चरसच्या दुसऱ्या गुन्ह्यासाठी फाशी सुनावली होती. सक्तीची फाशी जगण्याच्या हक्काशी विसंगत आहे, न्यायाधीशाला परिस्थिती पाहण्याची मुभा असलीच पाहिजे, असे म्हणून उच्च न्यायालयाने ती ऐच्छिक केली. अमली पदार्थांसाठीची सक्तीची फाशी रद्द करणारे जगातले हे पहिले न्यायालय, असे त्या वेळी म्हटले गेले. २०१४ मध्ये संसदेनेही कायद्यात तसाच बदल केला.

मग दया कुठे उरली? घटनेत. राष्ट्रपतींना अनुच्छेद ७२ आणि राज्यपालांना अनुच्छेद १६१ हे अधिकार देतात: क्षमा, तहकुबी, विश्राम, सूट, शिक्षा स्थगित करणे, सौम्य करणे. १९८० मध्ये ‘मारू राम’ खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात घटनापीठाने सांगितले, की जन्मठेपेच्या कैद्याला चौदा वर्षांआधी सोडू नये असा नियम संसद करू शकते, पण घटनेतला हा अधिकार साध्या कायद्याने कापता येत नाही. त्याच तर्काने कलम ३२-अ सरकारचे हात बांधते, राष्ट्रपतींचे नाही. कागदावर हे दार उघडेच आहे. ज्याच्या बाकाखाली पंचवीस किलोंची बॅग सापडली आणि त्या बदल्यात ज्याला काही हजार रुपये मिळणार होते, त्याचा अर्ज राष्ट्रपती भवनापर्यंत कोण नेणार, हा प्रश्न वेगळा.

दयेच्या अधिकारालाही मर्यादा आहेत आणि त्या आखण्यात महाराष्ट्राचा इतिहास पुढे आहे. ११ मार्च १९६० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नौदलाचे कमांडर नानावटी यांना खुनासाठी जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी आदेश काढला, की सर्वोच्च न्यायालयातले अपील निकाली निघेपर्यंत शिक्षा स्थगित राहील आणि नानावटी नौदलाच्याच ताब्यात राहतील. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सप्टेंबर १९६० मध्ये बहुमताने सांगितले, की प्रकरण न्यायालयासमोर असताना राज्यपालांचा हा अधिकार न्यायालयाच्या अधिकाराला ओलांडू शकत नाही. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना क्षमा केली. ती मात्र खटला पूर्ण संपल्यानंतर. कोणत्या माणसासाठी राजभवनाची दारे पटकन उघडतात, याचा विचार मुंबईच्या लोकांनी तेव्हाही केला होता.

पुढची मर्यादा हेतूची. सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे आंध्र प्रदेशचे राज्यपाल असताना, ऑगस्ट २००५ मध्ये, तिथल्या एका काँग्रेस आमदाराच्या दोषी ठरलेल्या पतीची उरलेली शिक्षा माफ झाली. वर पाठवलेल्या अहवालांत ‘काँग्रेसचा चांगला कार्यकर्ता’ अशा नोंदी होत्या. ऑक्टोबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही माफी रद्द केली. जात, धर्म, पक्षनिष्ठा हे दयेचे आधार होऊ शकत नाहीत आणि असे आदेश न्यायालय तपासू शकते, हे त्या निकालाने पक्के झाले.

अधिकार कोणत्या सरकारचा, हाही प्रश्न असतो. २००२ च्या गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो प्रकरणाचा खटला मुंबईत चालला होता. गुजरातने २०२२ मध्ये अकरा दोषींना सोडले, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करताना सांगितले, की शिक्षा महाराष्ट्रातल्या न्यायालयाने दिली, म्हणून सूट देण्याचा निर्णयही महाराष्ट्राचाच. आणि उशीर झाला तर काय? कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या गावित बहिणींच्या दयेच्या अर्जावर सरकारी कागद इतकी वर्षे पडून राहिले, की जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. उलट नागपूरने मुंबई बॉम्बस्फोटांतला दोषी याकूब मेमन याची ती रात्र पाहिली. २९ जुलै २०१५ रोजी राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला, सर्वोच्च न्यायालयाने पहाटे तीननंतर दारे उघडून सुनावणी घेतली आणि ३० जुलैच्या सकाळी नागपूर मध्यवर्ती कारागृहात फाशी झाली.

अमेरिकेत हा अधिकार याहून मोकळा आहे. तिथल्या अध्यक्षाला मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक नाही आणि न्यायालय त्याची माफी सहसा तपासत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पद सोडण्यापूर्वी बायडेन यांनी अहिंसक अमली पदार्थ गुन्ह्यांतल्या सुमारे अडीच हजार कैद्यांच्या शिक्षा एका दिवसात सौम्य केल्या, आणि काही दिवसांतच ट्रम्प यांनी ‘सिल्क रोड’ या ऑनलाइन बाजाराचा संस्थापक रॉस उलब्रिख्त याला, जन्मठेप चालू असताना, पूर्ण माफी दिली. आदल्या काळात बायडेन यांनी गांजा बाळगण्याचे साधे गुन्हे माफ केले होते. पण अध्यक्षाची माफी संघीय गुन्ह्यांपुरती चालते. गांज्याचे बहुतेक खटले राज्यांच्या कायद्याखाली होतात आणि तिथे त्याचा हात पोहोचत नाही. एकाच्या हाती एवढी माफी देण्यापेक्षा कायदाच माणुसकीचा असावा, ही तिथली जुनी तक्रार त्या जानेवारीत दोन्ही बाजूंनी पुन्हा ऐकू आली.

आपल्याकडे एकाच्या हाती इतके नाही, ही चांगली गोष्ट. अडचण अशी, की सामूहिक सवलतींमधून अमली पदार्थांचे कैदी जवळपास नेहमीच वगळले जातात. करोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, महाराष्ट्राने तुरुंगांतली गर्दी कमी करण्यासाठी तातडीच्या अभिवचन रजेचा नियम केला. मोक्का, यूएपीए, पैशांच्या अफरातफरीचे विशेष कायदे यांच्या रांगेत एनडीपीएसच्या कैद्यांनाही त्यातून बाहेर ठेवण्यात आले. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त केंद्राने २०२२ मध्ये विशेष सूट जाहीर केली, तिथेही तेच. आंतरराज्य टोळीचा सूत्रधार आणि पहिल्यांदाच पकडला गेलेला हमाल या यादीत शेजारी बसतात. सूत्रधाराबद्दल कोणाला कणव वाटण्याचे कारण नाही. पण बॅग घेऊन रेल्वेत बसवले जाते ते हमालाला. सूत्रधार त्या डब्यात नसतो.

म्हणून पुन्हा काट्याकडे यावे लागते. ट्रकमधून निघालेला माल ताजा असतो, ओला असतो. त्यात देठ, पाने, बिया, काड्या सगळे असते. कायद्याच्या व्याख्येत मात्र शेंडे आहेत. मग वजन कशाचे करायचे? मुंबई उच्च न्यायालयाने काही प्रकरणांत याच मुद्द्यावर जामीन दिला: शेंडे वेगळे न करता सगळ्या झाडोऱ्याचे वजन धरले, तर ती मात्रा खरोखर व्यावसायिक आहे की नाही, याचीच शंका राहते. रासायनिक पदार्थांत उलटा नियम आहे. २०२० च्या ‘हिरा सिंग’ निकालानंतर हेरॉइनमध्ये मिसळलेली भुकटीही वजनात धरली जाते. दहा ग्रॅम हेरॉइन तीनशे ग्रॅम भुकटीत मिसळून पुड्या विकणारा व्यसनी आणि तीनशे ग्रॅम शुद्ध माल आणणारा, दोघांनाही एकच किमान शिक्षा. हा नियम बदलायला हवा, असे इथे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

वजनानंतर नमुना. कलम ५२-अ प्रमाणे जप्त मालाची यादी, छायाचित्रे आणि नमुने न्यायदंडाधिकाऱ्यासमोर व्हायला हवेत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा आग्रह धरला आणि डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जप्ती, साठवण व नमुन्यांचे नवे नियम काढले. अंगझडती घेण्यापूर्वी, राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर झडतीचा तुमचा हक्क आहे, हे आरोपीला सांगणे कलम ५० खाली बंधनकारक आहे. १९९९ च्या ‘बलदेव सिंग’ निकालाने ही निव्वळ औपचारिकता नाही, हे ठरवले. २०२० च्या ‘तोफान सिंग’ निकालाने तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून बाद केला. तोपर्यंत कितीतरी खटले अशा जबाबांवरच उभे राहत. खऱ्या तस्कराची सुटका बहुतेक वेळा याच जागी होते: पंच फितूर होतो, मुद्देमालाच्या खोलीतल्या नोंदी जुळत नाहीत, मोहोर तुटलेली निघते. कार्यपद्धती नीट पाळणे हे आरोपीवर उपकार करणे नव्हे, तीच तपासाची ताकद असते. पोलिसांचे प्रशिक्षण, प्रयोगशाळांतली माणसे, वेळेत येणारे अहवाल यांवर खर्च केला तर शिक्षा वाढवण्यापेक्षा तस्करीला जास्त धाक बसेल.

तोवर आरोपी आत असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच सांगितले होते, की किमान दहा वर्षांच्या गुन्ह्यात पाच वर्षे खटल्याविना काढलेल्याला जामीन मिळाला पाहिजे. मार्च २०२३ मध्ये एका गांज्याच्या प्रकरणात सात वर्षांहून अधिक काळ आत असलेल्या आरोपीला जामीन देताना न्यायालयाला तेच पुन्हा सांगावे लागले. तीन दशके मधे गेली.

विदर्भाला बंदीचा अनुभव देशातल्या बहुतेक भागांपेक्षा जास्त आहे. वर्धा १९७४ पासून दारूबंदीत, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि मे २०२१ मध्ये ती उठवण्याचा निर्णय झाला. गडचिरोलीत बंदी टिकली, कारण तिच्यामागे बायांची चळवळ होती, गावागावांत व्यसनमुक्तीचे काम होते. चंद्रपुरात चळवळ होती, पण बंदी उठवताना सरकारने अवैध दारूचा आणि वाढत्या गुन्ह्यांचा मुद्दा पुढे केला. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि पानमळ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या रामटेकसकट सगळ्या विदर्भात पानठेल्यांवर सुपारी-तंबाखू-चुना पन्नीत घोटून खर्रा विकला जातो. खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. कायद्याची बंदी माणसाच्या सवयीपर्यंत पोहोचायला मधे शिक्षक, डॉक्टर, आई-बाप आणि रोजगार लागतो.

जगाचे अनुभवही एका सुरातले नाहीत. पोर्तुगालने जुलै २००१ मध्ये वैयक्तिक वापरापुरता माल बाळगणे गुन्ह्यातून काढले आणि पकडलेल्याला डॉक्टर-समाजसेवकांच्या समितीपुढे पाठवले. त्याच वेळी उपचारांवर पैसा लावला. अतिसेवनाचे मृत्यू आणि एचआयव्हीची लागण घटली. अमेरिकेतल्या ओरेगनने २०२० मध्ये शिक्षा काढली, पण उपचारांची सोय वेळेत उभी राहिली नाही. रस्त्यांवरची परिस्थिती बिघडली, लोक संतापले आणि २०२४ मध्ये राज्याने तो गुन्हा पुन्हा आणला. शिक्षा काढणे आणि उपचार उभे करणे ही दोन कामे एकत्र झाली तरच उपयोग होतो, हे या दोन उदाहरणांत शेजारी-शेजारी दिसते.

भारताच्या कायद्यात उपचारांची वाट आधीच लिहिलेली आहे. कलम ६४-अ प्रमाणे सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला तर त्याच्यावर खटला चालत नाही. कलम ३९ खाली न्यायालय दोषी व्यसनीलाही उपचारांसाठी सोडू शकते. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशात भांग-गांजा-चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख लोक निघाले. त्यांतल्या कितीजणांना, किंवा त्यांना पकडणाऱ्या कितीजणांना, हे कलम ठाऊक आहे? रामटेकच्या एखाद्या घरातला मुलगा एमडीच्या नादी लागला तर आई-बापांना उपचारांसाठी पन्नासेक किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. पोलीस ठाणे गावातच असते. या अंतरामुळेच पुष्कळ घरांत पहिली दाद ठाणेदाराकडे मागितली जाते किंवा कोणाकडेच मागितली जात नाही.

१ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी प्रक्रियेने झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण बंधनकारक केले आहे. पोलिसांनी ते मोबाइलवर केले तरी चालते, आणि चित्रण विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायला हवे. महामार्गावर ट्रक थांबवला, पोती खाली उतरवली, काटा लावला, शेंडे आणि देठ वेगळे केले, पंचांच्या सह्या घेतल्या, हे सगळे आता न्यायाधीशाला पाहता येईल. वकिलांनी प्रत्येक गांज्याच्या प्रकरणात हे चित्रण मागितले पाहिजे, आणि नागपूरच्या विशेष न्यायालयांनी ते आहे की नाही, हे पहिल्याच तारखेला विचारले पाहिजे.